पथ्य

'पथ्य' हा शब्द कानी पडला की, पुष्कळांच्या डोळ्यांपुढे तापाचे अंथरूण, मेतकूट-भात आणि 'हे खाऊ नकोस, ते खाऊ नकोस' असे वडीलधाऱ्यांचे बोल उभे राहतात. पथ्य म्हणजे कोणीतरी आपल्या ताटातील गोड घास हिरावून घेणे, अशी आपली समजूत झालेली असते. परंतु या शब्दाचे मूळ पाहू गेल्यास निराळाच अर्थ हाती लागतो. 'पथ' म्हणजे वाट. जे वाटेला धरून असते, वाटचालीस हितकर असते, ते पथ्य होय. प्रवासाला निघालेला मनुष्य ज्याप्रमाणे आपल्याला झेपेल तेवढीच शिदोरी बरोबर घेतो, त्याप्रमाणे आपल्या शरीराला मानवेल तेच अन्न घेणे म्हणजे पथ्य पाळणे.

तापाचे पथ्य चार दिवसांचे असते. काही रोग मात्र असे आहेत की, ते एकदा जडले म्हणजे जन्मभर सोबत करतात. अशा एका रोगावर तर आजमितीस पथ्य हाच काय तो उपचार आहे. त्याची माहिती मला पुस्तकातून मिळण्यापूर्वी एका विद्यार्थ्याकडून मिळाली, आणि तीही माझ्या हातून एक चूक घडल्यानंतर. म्हणून आधी ती चूकच सांगतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा मुख्याध्यापक होतो. त्या वर्षी पाचवीच्या वर्गात एक नवीन मुलगा आला होता. अंगाने किरकोळ, उंचीने वर्गात सर्वांत लहान, परंतु डोळ्यांत मोठी हुशारी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत सरस्वतीपूजन झाले आणि प्रसाद म्हणून शिरा वाटण्यात आला. मी स्वतः वाटत होतो. त्या मुलापाशी आलो तेव्हा त्याने हात मागे घेतले.

"गुरुजी, मला चालत नाही," तो हळूच म्हणाला.

"अरे, प्रसादाला नाही म्हणू नये. कणभर तरी घे," मी म्हणालो.

सारा वर्ग त्याच्याकडे पाहत होता. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले, हात पुढे केला आणि तो घास खाल्ला. दसऱ्याची सुट्टी संपली, शाळा भरली, तरी तो दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. पोटदुखी, उलट्या आणि जुलाब यांनी मुलगा हैराण झाला होता. ती रागावली नव्हती. ती एवढेच म्हणाली, "गुरुजी, तुमचा हेतू वाईट नव्हता, हे मला कळतं. पण त्याला गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. 'नको' म्हणणाऱ्यांपेक्षा 'कणभर तरी घे' म्हणणाऱ्यांचीच आम्हांला जास्त भीती वाटते. प्रवेशाच्या वेळी मी डॉक्टरांची चिठ्ठी दिली होती."

ती गेल्यावर मी कपाटातील फाइल काढली. चिठ्ठी तेथेच होती. मी ती वाचली होती, खाली सहीही केली होती. परंतु तिचा अर्थ समजून घेतला नव्हता. चिठ्ठीवर रोगाचे नाव होते 'सीलिॲक'. त्या दिवसापासून मी या रोगाची माहिती मिळवू लागलो.

हा रोग समजून घ्यावयाचा असेल, तर आरंभ स्वयंपाकघरापासून करावा. गव्हाच्या कणकेचा घट्ट मळलेला एक गोळा घ्या आणि तो पाण्याच्या बारीक धारेखाली हळूहळू चोळा. प्रथम दुधासारखे पांढरे पाणी वाहू लागते. ते पिठातील पिष्ट होय. काही वेळाने पाणी निवळते आणि हातात रबरासारखा, ताणला तर लांबणारा, चिवट असा एक लगदा उरतो. यालाच 'ग्लूटेन' म्हणतात. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी नावाच्या विद्वानाने १७२८ साली या प्रयोगाचे वर्णन केले होते. ग्लूटेनमुळेच गव्हाची पोळी पातळ लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारी-बाजरीच्या पिठात हा चिवटपणा नसतो. म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि भाकरी लाटण्याऐवजी हाताने थापावी लागते.

आता शरीराकडे वळू. आपले लहान आतडे सुमारे सहा मीटर लांब असते. त्याचा आतील पृष्ठभाग मखमलीसारखा असतो. त्यावर एक मिलिमीटरहूनही लहान असे लक्षावधी अंकुर असतात. पचलेल्या अन्नातील सत्त्व हे अंकुर शोषून घेतात आणि रक्तात पोहोचवितात. झाडाची मुळे जमिनीत जे काम करतात, तेच काम हे अंकुर आपल्या पोटात करतात.

रोगजंतूंशी लढण्यासाठी आपल्या शरीरात एक संरक्षक यंत्रणा असते. सीलिॲक रोग झालेल्या माणसाची ही यंत्रणा ग्लूटेनला शत्रू समजते आणि लढा सुरू करते. या लढ्यात हानी होते ती आपल्याच अंकुरांची. ते झिजतात, सपाट होतात. मग ताटात कितीही सकस अन्न असले, तरी ते अंगी लागत नाही. मूल खाते, परंतु वाढत नाही. त्याला थकवा येतो, रक्त कमी होते, हाडे दुबळी होतात. कित्येकांचे पोट फुगते, तर कित्येकांना वरवर काहीच त्रास जाणवत नाही आणि आत मात्र झीज चालूच राहते. हा रोग संसर्गाने होत नाही. तो होण्याची प्रवृत्ती आनुवंशिक असते. जगात साधारणतः शंभरांतील एकाला हा रोग असतो, असे अभ्यासक मानतात. आपल्या देशात गहू हेच मुख्य अन्न असलेल्या उत्तरेकडील राज्यांत तो अधिक आढळतो.

या रोगाचे कारण गव्हात आहे, हे कळावयास माणसाला फार काळ लागला. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी ॲरेटियस नावाच्या ग्रीक वैद्याने अशा रोग्यांचे वर्णन करून ठेवले होते. पोटाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरूनच 'सीलिॲक' हे नाव पडले. १८८७ साली लंडनमध्ये सॅम्युएल गी या डॉक्टरांनी आपल्या व्याख्यानात सांगितले की, हा रोग बरा व्हावयाचा असेल तर तो आहारानेच होईल. दिशा अचूक होती. परंतु नेमके काय वर्ज्य करावे, हे त्यांना उमगले नव्हते. शिंपल्यांतील प्राण्यांचे मांस खाऊन एक मूल सुधारले आणि त्यांचा हंगाम संपताच पुन्हा आजारी पडले, अशी नोंद त्यांनी केली आहे. पुढे १९२४ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडने हास यांनी अशा मुलांना केळ्यांचा आहार दिला आणि पाव व इतर धान्ये बंद केली. मुले सुधारली. श्रेय मात्र केळ्यांना मिळाले! पाव थांबला म्हणून मुले सुधारली, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

खरे कारण शोधून काढले ते हॉलंडमधील विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांनी. ते हेग शहरातील मुलांच्या रुग्णालयात काम करीत. गव्हाविषयीचा संशय त्यांना आधीपासूनच होता आणि १९४१ साली त्यांनी त्याविषयी लिहिलेही होते. पुढे १९४४-४५च्या हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धामुळे, हॉलंडच्या पश्चिम भागात भयंकर दुष्काळ पडला. पाव दिसेनासा झाला. लोकांनी ट्यूलिपच्या फुलझाडाचे कंद आणि साखरेचे बीट खाऊन दिवस काढले. सुमारे २०,००० माणसे मृत्युमुखी पडली. चांगली धडधाकट माणसे खंगत असताना सीलिॲक झालेल्या मुलांची प्रकृती मात्र बिघडली नाही. उलट ती सुधारली. युद्ध संपले, पाव पुन्हा मिळू लागला आणि त्यांचे दुखणेही परत आले. डिके यांचा संशय अधिकच दृढ झाला. परंतु संशय म्हणजे सिद्धान्त नव्हे. त्यांनी मुलांना ठरावीक काळ गहू देऊन आणि ठरावीक काळ बंद ठेवून काळजीपूर्वक मोजमाप केले व १९५० साली आपला प्रबंध सादर केला. गहू आणि राय नावाचे धान्य बाधक आहे, तर तांदूळ आणि मका यांपासून अपाय नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले. ग्लूटेन असलेल्या धान्यांत जव, म्हणजे सातू, याचाही समावेश होतो.

अशा रोग्याने मग काय खावे? येथे आपल्या महाराष्ट्राच्या स्वयंपाकघराची श्रीमंती दिसून येते. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि मका यांच्या भाकऱ्या. तांदळाचा भात, घावन आणि आंबोळी. सर्व डाळी, भाज्या, फळे, दूध, दही, अंडी आणि मासे यांत ग्लूटेन नाही. साबुदाणा, वरई, राजगिरा आणि शिंगाडा हे उपवासाचे पदार्थही या मुलांना चालतात. त्या विद्यार्थ्याची आई एकदा हसून म्हणाली होती, "आमच्या घरी एकादशीला त्याची चंगळ असते."

परंतु ही वाट दिसते तितकी सोपी नाही. गहू अनेक वेषांत लपलेला असतो. रवा, मैदा, शेवया, बिस्किटे यांत तो आहे, हे आपण जाणतो. परंतु बाजारातील डबीतल्या हिंगातही पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. आजाऱ्याला हितकर म्हणून आपण ज्या मेतकुटाचे कौतुक करतो, त्यातही सामान्यतः गहू असतात. गिरणीत गव्हामागून ज्वारी दळली, तर ज्वारीच्या पिठात गव्हाचे पीठ येते. पोळीचा तवा, लाटणे, तळणीचे तेल यांतूनही ते येऊ शकते. एका पोळीत सुमारे २ ग्रॅम ग्लूटेन असते. आणि रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे त्या पोळीच्या चाळिसाव्या भागाइतके ग्लूटेन पोटात गेले, तरी आतड्याला इजा होऊ शकते. 'कणभर तरी घे' या माझ्या शब्दांचे वजन मला हे वाचल्यावर कळले. म्हणूनच ज्या खाद्यपदार्थाला ग्लूटेनविरहित म्हणावयाचे, त्याच्या एका किलोग्रॅममध्ये २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा नियम आहे.

हे पथ्य नीट पाळले म्हणजे झिजलेले अंकुर पुन्हा वाढू लागतात. मुलांच्या बाबतीत ही सुधारणा लवकर दिसते. वजन वाढते, उंची वाढते, खेळण्याची हौस परत येते. मात्र पथ्य मोडले की रोग पुन्हा डोके वर काढतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गहू हे काही वाईट अन्न नव्हे. ज्यांना हा रोग नाही, त्यांना तो पौष्टिकच आहे. कोणाला संशय आलाच, तर त्याने आपल्या मनाने गहू सोडू नये. आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. गहू आधीच सोडला, तर तपासणीत रोग नीट दिसून येत नाही.

आता पुन्हा त्या विद्यार्थ्याकडे येतो. तो बरा होऊन शाळेत आला, तेव्हा मी वर्गात जाऊन सर्वांसमक्ष माझी चूक कबूल केली. तो लाजून खाली पाहू लागला. मी त्याला विचारले, "तुझ्यासाठी आम्ही काय करावे?" मला वाटले, तो एखादी मोठी मागणी करील. तो म्हणाला, "काही नको, गुरुजी. फक्त मी नको म्हटलं की परत विचारू नका."

त्या वाक्याने मला पुष्कळ शिकविले. पथ्याचे कष्ट त्या मुलाला नव्हते असे नाही. सहलीत सारे वडापाव खात असता आपला भाकरीचा डबा उघडणे, वाढदिवसाच्या केककडे पाहून हसतमुखाने 'नको' म्हणणे, ही लहानसहान गोष्ट नव्हे. परंतु त्याचा तो सराव झाला होता. पुड्यावरील बारीक अक्षरे तो आमच्या कोणाहीपेक्षा चिकित्सेने वाचीत असे. त्याला जड जात होती ती भाकरी नव्हे, तर पुनःपुन्हा द्यावी लागणारी उत्तरे आणि 'एवढ्याने काय होते?' असे म्हणून होणारा आग्रह.

पुढच्या वर्षी सरस्वतीपूजनाला आम्ही शिऱ्याऐवजी गूळ-खोबऱ्याचा प्रसाद केला. खर्च कमी झाला, आनंद कमी झाला नाही. वाटताना मी त्या मुलापाशी आलो, तेव्हा त्याने दोन्ही हात पुढे केले. प्रसाद तोंडात टाकून तो म्हणाला, "गुरुजी, आणखी थोडा मिळेल?"

मुलांनो, तुमच्याही वर्गात असा एखादा सोबती असेल. कोणाला गहू चालत नसेल, कोणाला शेंगदाणे बाधत असतील, कोणाला मधुमेहामुळे रोज इन्शुलिनची सुई टोचून घ्यावी लागत असेल. त्याचे पथ्य त्यालाच पाळावयाचे आहे. ते त्याच्यासाठी दुसरा कोणी पाळू शकत नाही. परंतु त्याची ती वाट सोपी करणे किंवा अवघड करणे हे मात्र आपल्या हाती आहे. त्याने 'नको' म्हटले, तर त्या एका शब्दावर विश्वास ठेवावा आणि आपला डबा घेऊन त्याच्या शेजारीच जेवावयास बसावे.