वऱ्हाडची तुर्की युवराज्ञी

खुलताबाद म्हटले की आता एकच कबर आठवते, औरंगजेबाची. मार्च २०२५ मध्ये तिच्यावरून विधिमंडळापासून नागपूरच्या रस्त्यांपर्यंत काय काय झाले ते वाचकांना पाठ आहे, त्यात भर घालत नाही. त्याच खुलताबाद परिसरात घुमट असलेली आणखी एक इमारत आहे. तिच्यावरून कोणी भांडत नाही, कारण आत कोणी पुरलेलेच नाही. इस्तंबूलच्या शेवटच्या खलिफासाठी ती निजामाने बांधवली. तुर्की खलिफाचे थडगे मराठवाड्यात कशासाठी? याचे उत्तर एका सतरा वर्षांच्या मुलीच्या लग्नात आहे.

तुर्की मालिकांमुळे ऑटोमन जनानखाना आपल्याकडे घरोघरी पोचला. पण मालिकेत सगळी वाहतूक एकाच दिशेने चालते: बाहेरची मुलगी आत येते आणि सुलतानाची बेगम होते. तसे खरेच होत असे. सुलतान सुलेमानची हुर्रेम गुलाम म्हणून आली. त्याच्या शंभरेक वर्षे आधी, पंधराव्या शतकात, सर्बियाच्या राजघराण्यातली मारा ब्रांकोविच दुसऱ्या मुरादची राणी झाली, ती निव्वळ राजकारणाचा सौदा म्हणून. पाच-सहाशे वर्षे बाहेरच्या मुली घेणाऱ्या या घराण्यावर पुढे आपली मुलगीही दूरदेशी देण्याची वेळ आली आणि ती दिली हैदराबादला.

ही मुलगी म्हणजे दुर्रूशेवार; तिचा जन्म २६ जानेवारी १९१४ चा. वडील अब्दुलमजीद नावाला खलिफा, आवडीने चित्रकार. मार्च १९२४ मध्ये तुर्कस्तानने खिलाफत रद्द केली आणि रातोरात कुटुंबाला महालाबाहेर काढून ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये बसवले. मुलगी तेव्हा दहा वर्षांची. आधी स्वित्झर्लंड, मग फ्रान्समधले नीस. उत्पन्न शून्य. खिलाफत चळवळीतल्या मौलाना शौकत अलींच्या शब्दावरून निजाम मीर उस्मान अलींनी दरमहा तीनशे पौंडांची नेमणूक सुरू केली, असे सांगतात.

पुढे स्थळही शौकत अलींनीच जमवले. निजामाचे दोन मुलगे: थोरल्या आझम जाहला खलिफाची मुलगी, धाकट्या मोअज्जम जाहला तिच्या नात्यातली निलोफर. मेहेरच्या रकमेवरून बरीच घासाघीस झाली म्हणतात. निजामाची चिक्कू म्हणून ख्याती पाहता मला हे पटते. १२ नोव्हेंबर १९३१ रोजी नीसमध्ये दोन्ही निकाह लागले. जगातला सर्वांत श्रीमंत मानला जाणारा माणूस आणि जगातला सर्वांत मानाचा निर्वासित असे हे व्याही. एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे घराणे. या लग्नाला परीकथा म्हणणाऱ्यांनी वधूचे वय पाहावे. निलोफर तर सोळाचीही नव्हती.

परतीचा प्रवास ‘पिल्स्ना’ बोटीने झाला. गोलमेज परिषदेहून रिकाम्या हाताने परतणारे गांधीजी याच बोटीवर ब्रिंदिसीला चढले. राजकन्यांशी त्यांची भेट झाली, असे वृत्तान्त आहेत. काय बोलले असतील? दहा वर्षांपूर्वी ज्या खिलाफतीसाठी गांधींनी देश ढवळून काढला, तिच्या वारसाची मुलगी समोर आणि तिचे लग्न जुळवणारे शौकत अली एव्हाना गांधींपासून दुरावलेले. मुलींचा मात्र अभ्यास चालू होता: निजामाच्या दरबारात मुजरा कसा करायचा, साडी कशी नेसायची. हेलकावे खाणाऱ्या बोटीवर निऱ्या घालायला शिकणे सोपे नव्हे. पण जवळजवळ सहा फूट उंचीच्या दुर्रूशेवारला साडी अशी काही शोभली की पुढे सेसिल बीटनसारख्या छायाचित्रकाराने तिच्यावर कॅमेरा रोखला.

डिसेंबरअखेर बोट मुंबईला लागली आणि तिथून निजामाची खास गाडी हैदराबादला निघाली.    इकडे आठवडाभरात, ४ जानेवारी १९३२ ला, गांधीजी तुरुंगात होते.

खरी गंमत पुढेच आहे. वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभारात होता आणि १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला पंचवीस लाख रुपयांवर तो कायमचा पट्ट्याने घेतला. तो परत मिळावा म्हणून निजाम जन्मभर धडपडला. १९३६ च्या करारात त्याच्या पदरात पडली मालकीची कबुली, इंग्रजांच्या निशाणाशेजारी आपले निशाण लावण्याची मुभा आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब. म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळची युवराज्ञी कोण, तर खलिफाची लेक! कारभार नागपूरहून चाले, त्यात तिचा वा तिच्या नवऱ्याचा काडीचाही संबंध नव्हता. विदर्भाच्या इतिहासावर पोटतिडकीने बोलणाऱ्यांच्या तोंडीही तिचे नाव येत नाही, याचे नवल वाटते.

तिला शोभेची बाहुली समजणे चूक. हैदराबादेत ती पडद्यात बसली नाही आणि तिच्या नावाचे रुग्णालय जुन्या शहरात आजही चालते. नवऱ्याशी पटले नाही. मुलांच्या शिक्षणावर मात्र तिची पकड होती: थोरला मुकर्रम जाह डून स्कूल, हॅरो, केंब्रिज असा शिकला. १९६७ मध्ये निजाम वारल्यावर गादी मुलाला न मिळता या नातवाला मिळाली. माझ्या मते तिच्या आयुष्यातला हाच मोठा विजय, जरी तोवर गादीत फारसे काही उरले नव्हते.

वडील ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिसमध्ये वारले. तुर्कस्तानात दफन करू द्या म्हणून तिने केलेल्या विनंत्या तिथल्या सरकारने मानल्या नाहीत. खुलताबादेतही ते झाले नाही आणि सप्टेंबर १९४८ नंतर निजामाचे राज्यच उरले नाही. दहा वर्षे देह पॅरिसच्या मशिदीत राहिला, तो १९५४ मध्ये मदिनेत पुरला गेला. दुर्रूशेवार २००६ मध्ये लंडनला वारली आणि तिची कबर लंडनजवळच्या ब्रुकवूड दफनभूमीत आहे. वेरूळला जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून खुलताबादची ती रिकामी इमारतही पाहावी. तिथे भांडण नाही आणि गर्दीही नाही.