उभ्या इंजिनातले खारे पाणी

डिझेल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी साधारण एक-तृतीयांश ते चाळीस टक्के एवढीच ऊर्जा नौकेचा पंखा फिरवण्याच्या कामी येते. उरलेल्या ऊर्जेचा एक मोठा वाटा धुराबरोबर बाहेर पडतो आणि दुसरा इंजिनाच्या धातूत उष्णता होऊन शिरतो, जो सतत काढून घेतला नाही तर पिस्टन जाम होऊन इंजिन बंद पडायला वेळ लागत नाही. ट्रकच्या इंजिनाची ही उष्णता रेडिएटर वाऱ्यावर सोडून देतो. बंदिस्त इंजिनखोलीत तसा वारा नसतो, मात्र नौकेच्या तळाखाली त्याहून कितीतरी सरस शीतक पसरलेला असतो, कारण एकाच तापमानवाढीसाठी एक लिटर पाणी एक लिटर हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता शोषून घेते. समुद्रातून थेट खेचलेल्या, कोणतीही प्रक्रिया न केलेल्या या पाण्याला नौकायंत्रशास्त्रात ‘रॉ वॉटर’ म्हणतात.

हे पाणी दोन तऱ्हांनी वापरले जाते. मालवण-तारकर्लीच्या पर्यटक बोटींना मागे लावलेल्या आउटबोर्ड इंजिनांत ते थेट सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांतून फिरून बाहेर पडते. मोठ्या नौकांच्या आतील इंजिनांत बहुधा दोन वेगळी वर्तुळे असतात: इंजिनाभोवती कूलंट मिसळलेले गोडे पाणी बंदिस्तपणे फिरत राहते आणि ‘हीट एक्स्चेंजर’ नावाच्या नळकांड्यात, पातळ नळ्यांच्या भिंतीआडून, आपली उष्णता समुद्राच्या पाण्याला देते. समुद्राचे पाणी तळातील झडपेतून, म्हणजे सी-कॉकमधून, आत येते, गाळणीतून जाते, ‘इम्पेलर’ हे रबरी पात्यांचे चक्र त्याला पुढे ढकलते, आणि एक्स्चेंजर ओलांडल्यावर ते गरम धुरात मिसळून त्यालाही थंड करत नौकेबाहेर पडते.

या वाटेने किती पाणी जाते, याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्याजोगा आहे. शंभर अश्वशक्तीच्या इंजिनातून पूर्ण भारावर सुमारे ७० किलोवॉट उष्णता काढायची आणि त्यासाठी समुद्राचे पाणी १२ अंश सेल्सियसने तापू द्यायचे असे धरले, तर मिनिटाला जवळपास ८५ लिटर पाणी लागते. दहा तासांच्या फेरीत हा आकडा पन्नास हजार लिटरच्या वर जातो, आणि समुद्राच्या प्रत्येक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असल्यामुळे एका दिवसात अठराशे किलोच्या आसपास मीठ त्या अरुंद नळ्यांतून वाहून गेलेले असते.

एवढे मीठ अंगावरून जाऊनही चालत्या इंजिनाचे फारसे बिघडत नाही, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे. खारे पाणी इंजिनाचा घात करते ते प्रामुख्याने इंजिन थांबल्यावर. वाहत्या पाण्यात क्षार साचून राहत नाहीत, आणि त्या पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन तांबे-निकेलच्या नळ्यांवरचा ऑक्साइडचा संरक्षक पापुद्रा टिकवून धरतो. इंजिन बंद पडले की उरलेले पाणी खोलगट जागी साचते, हळूहळू आटते आणि आटताना अधिकाधिक खारट होत जाते. तळाशी बसलेल्या गाळाखाली ऑक्सिजन संपतो आणि बाहेर तो भरपूर असतो, या तफावतीमुळे एकाच धातूच्या दोन भागांत विद्युत-रासायनिक घट तयार होऊन गाळाखालचा भाग झिजू लागतो, तर क्लोराइडचे आयन पोलादाच्या संरक्षक थराला बारीक भोके पाडतात. पाण्याबरोबर आत आलेले सूक्ष्मजीव मरून कुजले, की त्यातून निर्माण होणारी सल्फाइडे तांबे-निकेलचा पापुद्रा बिघडवतात. पितळेच्या जोडकामावर कधी कधी दिसणारे तांबूस, ठिसूळ डाग हा याच कुटुंबातला आणखी एक रोग आहे: खाऱ्या पाण्याने पितळेतील जस्त वेचून नेलेले असते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते, जे पान्याच्या हलक्या हिसक्यानेही तुटू शकते.

उष्णतेची भर पडली की क्षारांची वागणूक आणखी बदलते. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. समुद्रातील कॅल्शियम कार्बोनेट आणि कॅल्शियम सल्फेट मात्र पाणी तापेल तसे कमी विरघळतात, त्यामुळे ते सर्वांत गरम पृष्ठभागावरच, म्हणजे थंडाव्याची सर्वाधिक गरज असलेल्या ठिकाणीच, कठीण पुटाच्या रूपाने बसतात. हे पूट उष्णता नीट वाहू देत नाही, त्यामुळे धातू आणखी तापतो आणि पूट आणखी जाड होते. थेट समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या इंजिनांचा थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार उघडणारी झडप, ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडेल असा ठेवतात, तर बंदिस्त गोड्या पाण्याच्या इंजिनांना ८० अंशही मानवतात, याचे मुख्य कारण हेच आहे.

फेरीनंतर यंत्रणेतून गोडे पाणी फिरवणे, म्हणजे फ्लशिंग, हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय होय. आउटबोर्ड इंजिनासाठी खालच्या भागातील पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर दोन रबरी वाट्या बसवून त्यांना नळाची नळी जोडतात, आधी पाणी सोडतात आणि मग गियर न टाकता इंजिन मंद गतीवर पाच-दहा मिनिटे चालवतात. मागून पडणारी पाण्याची बारीक धार कोमट होईपर्यंत थांबणे महत्त्वाचे, कारण थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय गोडे पाणी सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांत पुरते पोचत नाही. दोन मिनिटांत उरकलेले फ्लशिंग म्हणजे अंगण झाडून घर तसेच ठेवण्यासारखे आहे.

आतल्या इंजिनांत मात्र हाच क्रम पाळला तर अनर्थ होतो. तेथे थंडाव्याचे पाणी सायलेन्सरच्या भांड्यात उतरते आणि धुराचा दाब ते बाहेर ढकलतो. इंजिन बंद असताना नळाचे दाबयुक्त पाणी आत सोडले, तर ढकलणारा धूरच नसल्याने ते भांड्यात चढत जाते, धुराच्या नळीतून मागे फिरते आणि उघड्या असलेल्या झडपेतून सिलिंडरमध्ये शिरते. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ मुळीच दाबले जात नाही. त्यामुळे पुढच्या वेळी स्टार्टर फिरवताच वर येणारा पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून येथे सी-कॉक बंद करून पंपाची ओढनळी गोड्या पाण्याच्या पिंपात सोडावी, इंजिनाला हवे तेवढे पाणी स्वतः ओढू द्यावे आणि पिंप रिकामे होण्याआधी इंजिन बंद करावे. आउटबोर्डच्या बाबतीत उलटा क्रम चालतो, कारण त्याचे धुराचे तोंड खाली असते आणि जादा पाणी आपोआप गळून जाते.

जमलेले पूट गोड्या पाण्याने निघत नाही. त्यासाठी सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचे सौम्य द्रावण काही वेळ फिरवतात. कार्बोनेट फसफसून विरघळते, सल्फेट मात्र चिवटपणे टिकून राहते. बाजारात सहज मिळणारे हायड्रोक्लोरिक आम्ल ॲल्युमिनियमचे भाग खाऊन टाकत असल्याने ते टाळावे, आणि कोणतेही आम्ल वापरण्यापूर्वी एक्स्चेंजरमध्ये बसवलेल्या जस्ताच्या कांड्या काढून ठेवाव्यात.

या कांड्यांचा इतिहास दोनशे वर्षांचा आहे. दोन भिन्न धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना जोडलेले असले, की त्यांतला अधिक क्रियाशील धातू झिजतो आणि दुसरा वाचतो. १८२४ साली हम्फ्री डेव्ही या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने हे तत्त्व वापरून जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून वाचवण्याची योजना मांडली, आणि ती आजमावली गेलेल्या जहाजांपैकी ‘समरंग’ हे कोचीनला बांधलेले होते. तांबे खरोखरच झिजायचे थांबले. पण तांब्याचे विरघळणे हेच जलचरांना दूर ठेवत होते हे तेव्हाच कळले, कारण जपलेल्या तळांवर शिंपले आणि बार्नॅकल, म्हणजे पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहणारे कवचधारी प्राणी, दाटीने वाढले आणि नौदलाने ती योजना सोडून दिली. एक्स्चेंजरच्या आत मात्र तीच युक्ती आजही उपयोगी पडते. कांडी अर्धी झिजली की बदलायची असते, आणि ती मुळीच झिजत नसेल तर आनंद न मानता तिचा धातूशी विद्युत-संपर्क तपासायला हवा.

कोकणच्या उबदार समुद्रात जलचरांची वाढ कोणत्याच ऋतूत पुरती थांबत नाही. थंड देशांतील देखभाल-पुस्तिका नळ्यांत पाणी गोठण्याच्या धोक्यावर भर देतात. येथे त्या पानांचा उपयोग थोडा. येथील खरा लांब मुक्काम पावसाळ्याचा असतो. महाराष्ट्रात यांत्रिकी नौकांना अलीकडच्या वर्षांत १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी असते, आणि हर्णे किंवा मिरकरवाड्याच्या नौका शाकारून ठेवल्या जातात तेव्हा शेवटच्या फेरीतले खारे पाणी आतच राहिले, तर वर वर्णिलेल्या सगळ्या क्रियांना दोन महिने मोकळे रान मिळते. फ्लशिंगनंतर खालच्या बुचांतून उरलेले पाणी काढून टाकावे आणि इम्पेलरही बाहेर काढून ठेवावा, कारण एकाच अवस्थेत वाकून राहिलेली रबरी पाती कायमची तशीच वाकतात. पुन्हा बसवताना पात्यांना ग्लिसरीन किंवा साबणाचे पाणी लावले, की पहिल्या कोरड्या फेऱ्यांत ती फाटत नाहीत; एखादे पाते तुटलेले आढळले, तर त्याचा तुकडा एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन अडकला असण्याची दाट शक्यता असते आणि तो सापडेपर्यंत शोधावा लागतो.

ऑगस्टमध्ये इंजिन पहिल्यांदा चालू करताना तापमानाच्या काट्यावर विसंबणे मात्र धोक्याचे ठरते. दोन वर्तुळांच्या यंत्रणेत तो काटा गोड्या पाण्याचे तापमान दाखवतो, त्यामुळे सी-कॉक उघडायचा राहून गेला असेल तर काटा चढायला काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्यात कोरडा इम्पेलर फाटून धुराची रबरी नळी भाजू लागलेली असते. जाणते खलाशी आधी नौकेच्या मागे धुराबरोबर पाणी पडते की नाही हे पाहतात, आणि ते अर्ध्या मिनिटात दिसले नाही तर इंजिन बंद करतात.