अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री आणि मातृत्वाचा हक्क

१९६१ साली मिसिसिपी राज्यात कापसाच्या मळ्यावर राबणाऱ्या फॅनी लू हेमर गर्भाशयातील एक लहानशी गाठ काढून घेण्यासाठी रुग्णालयात गेल्या. त्या परतल्या तेव्हा गाठीबरोबर गर्भाशयही गेलेले होते. डॉक्टरांनी त्यांना आधी विचारले नव्हते, की नंतर सांगितले नव्हते. मळेवाल्याच्या घरातील कुजबुजीतून ही गोष्ट त्यांच्या कानी आली. हेमर पुढे नागरी हक्कांच्या चळवळीत अग्रणी ठरल्या आणि त्यांनी हे जाहीरपणे सांगितले. अशा शस्त्रक्रिया त्या भागात इतक्या सर्रास होत, की त्यांना ‘मिसिसिपी अपेंडेक्टमी’ असे कडवट नाव पडले होते.

हे एका राज्याचे पाप म्हणून सोडून देता येत नाही. १८०८ मध्ये गुलामांची आयात कायद्याने बंद झाली आणि गुलाम स्त्रीच्या पोटची मुले ही मालकाच्या संपत्तीत पडणारी भर ठरली. तेव्हा तिची सुफलता हा गुण होता. गुलामगिरी गेली, पुढे गरिबांना सरकारी मदत मिळू लागली, तेव्हा तोच गुण अवगुण झाला! १९७३ मध्ये अलाबामातील माँटगोमेरी येथे १४ व १२ वर्षांच्या दोन बहिणींची नसबंदी करण्यात आली. त्यांच्या निरक्षर आईने कागदावर फुली मारली होती, ती मुलींना इंजेक्शन द्यावयाचे आहे अशा समजुतीने. या खटल्यात न्यायालयाने नमूद केले, की केंद्र सरकारच्या पैशाने दरवर्षी सुमारे एक ते दीड लाख गरिबांची नसबंदी होत होती. नंतर संमतीचे नियम कडक झाले, हे खरे.

परंतु ‘यांना मुले फार होतात’ हा समज नियमांनी जात नाही. वस्तुतः वंध्यत्वाचे प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत श्वेतवर्णीयांहून कमी नाही. काही पाहण्यांत ते अधिकच आढळले आहे. गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी पन्नाशीपर्यंत ८० टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांत आढळतात, त्याही तुलनेने लहान वयात. तरीही उपचारांसाठी पुढे येणाऱ्यांत त्या कमी. जिच्या समाजाला भरमसाट प्रजेबद्दल हिणवले जाते, तिने आपल्याला मूल होत नाही हे कोणाजवळ बोलावे? मिशेल ओबामा यांनी आपला गर्भपात झाला होता आणि दोन्ही मुली आयव्हीएफ उपचारांनी झाल्या, हे २०१८ मध्ये आत्मचरित्रात लिहिले, तेव्हा त्या घटनांना सुमारे वीस वर्षे लोटली होती. सुशिक्षित, वकील असलेल्या स्त्रीची ही कथा. मग इतरांची काय?

त्यात खर्चाचा प्रश्न आहेच. आयव्हीएफच्या एका खेपेला दहा हजार डॉलरहून अधिक लागतात. गरिबांसाठी असलेली मेडिकेड ही सरकारी योजना नसबंदीचा खर्च उचलते. आयव्हीएफचा खर्च मात्र बहुतेक राज्यांत ती उचलत नाही.