परतीची वाट : शोधप्रधान प्लॅटफॉर्म व्हिडिओ गेमचे स्वरूप आणि ‘केव्ह स्टोरी’

प्रस्तावना :

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील इस्लापूरजवळ पैनगंगेवर सहस्रकुंड हा धबधबा आहे. पावसाळ्यात नदी काळ्या खडकांवरून फेसाळत कोसळते, तेव्हा पात्रात उतरण्याचा विचारही कोणी करीत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरते, खडक उघडे पडतात आणि श्रावणात ज्या कपारीकडे केवळ लांबून पाहिले तिच्या जवळ जाता येते. जागा तीच असते. तेथे पोहोचण्याची अट तेवढी बदललेली असते. व्हिडिओ गेमच्या एका प्रकाराची संपूर्ण रचना याच अनुभवावर उभी आहे. महाविद्यालयीन अध्यापकांत व्हिडिओ गेम हा विषय बहुधा विद्यार्थ्यांच्या वाया जाणाऱ्या वेळेच्या संदर्भातच निघतो. ती तक्रार निराधार नाही. परंतु ज्या गोष्टीची तक्रार करावयाची ती आतून कशी आहे, हे पाहिलेले बरे. प्रस्तुत लेखात या खेळप्रकाराचे स्वरूप ‘केव्ह स्टोरी’ या जपानी खेळाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

गोजिरवाण्या रूपामागील कारण :

जुन्या धाटणीच्या या खेळांतील पात्रे मोठ्या डोक्याची, आखूड हातापायांची व ठिपक्याठिपक्यांची असतात. हे रूप सौंदर्यदृष्टीतून नव्हे, तर अडचणीतून आले. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्राचे चित्र २५६ × २४० ठिपक्यांचे होते. त्यावरील हलती चित्रे ८ × ८ ठिपक्यांच्या तुकड्यांनी बनत आणि अशा एका तुकड्यात तीनच रंग वापरता येत. एवढ्या जागेत चेहरा ओळखू यावयाचा तर डोके मोठे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. शिगेरू मियामोतो यांनी १९८१ च्या ‘डाँकी काँग’मधील नायकाला टोपी दिली, कारण केस काढणे कठीण होते, मिशा दिल्या, कारण तोंड काढण्यास जागा नव्हती. हाच नायक पुढे मारिओ म्हणून जगभर गेला. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ सुमारे ४० किलोबाइटमध्ये बसविलेला असून त्यातील आकाशातले ढग व जमिनीवरील झुडपे ही एकच आकृती, केवळ रंग बदलून वापरलेली आहे. आजचे कलावंत हेच रूप स्वेच्छेने निवडतात, तेव्हा त्याला ‘रेट्रो’ म्हणतात. अडचण संपली, तिची शैली उरली.

उजवी दिशा आणि डावी दिशा :

‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्ये खेळाडू उजवीकडे जातो. मागे सरलेला पडदा पुन्हा डावीकडे येत नाही. जे सुटले ते सुटले. पुढच्याच वर्षी, १९८६ साली, निन्टेंडोने ‘मेट्रॉइड’ काढला. हा खेळ सुरू होताच सवयीने उजवीकडे गेलेला खेळाडू थोड्याच अंतरावर एका ठेंगण्या फटीपाशी अडतो. तिच्यातून जाण्यासाठी अंगाचा गोळा करण्याची शक्ती लागते आणि ती शक्ती आरंभस्थानाच्या डावीकडे ठेवलेली आहे. खेळाचा पहिला धडाच मागे फिरण्याचा आहे. आपल्या परिचयाच्या सापशिडीशी तुलना केली असता हा भेद अधिक स्पष्ट होतो. तिच्या मागे असलेल्या मोक्षपटाची परंपरा संत ज्ञानेश्वरांशी जोडली जाते. त्या पटावर सारी घरे आरंभीच दिसतात आणि गती फाशाच्या हाती असते. येथे पट झाकलेला असून तो खेळाडूच्या स्मरणात हळूहळू उलगडतो. बंद दार कोठे पाहिले, उंच कठडा कोठे राहिला, हे लक्षात ठेवणाऱ्यालाच वाट सापडते. ‘मेट्रॉइड’ आणि १९९७ चा ‘कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट’ यांच्या नावांवरून या प्रकाराला ‘मेट्रॉइडव्हेनिया’ असे काहीसे ओबडधोबड नाव पडले आहे.

१९९० च्या दशकात आपल्याकडील गावांत फॅमिकॉमच्या स्वस्त नकला ‘टीव्ही गेम’ या नावाने आल्या. कॅसेटवर हजारो खेळांचा दावा असे. प्रत्यक्षात मोजकेच खेळ फिरून फिरून येत. ‘मारिओ’ व ‘काँट्रा’ त्या पिढीच्या बोटांत बसले. शोधाचे खेळ मात्र फारसे रुजले नाहीत आणि त्याची कारणे तांत्रिक होती. असा खेळ एका बैठकीत संपत नाही, त्यामुळे प्रगती साठवावी लागते. ‘मेट्रॉइड’च्या पाश्चात्त्य आवृत्तीत त्यासाठी २४ अक्षरांचा संकेतशब्द वहीत उतरवून घ्यावा लागे. साठवणुकीची सोय नसलेल्या कॅसेटवर, वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसलेल्या घरात, स्मरणावर उभा असलेला खेळ कसा टिकणार? पुढे दोन हजारच्या दशकात भारनियमन वाढले, तेव्हा तर उजवीकडे धावत सुटणारा छोटा खेळच व्यवहार्य होता.

‘केव्ह स्टोरी’ :

दाइसुके आमाया या जपानी तरुणाने ‘पिक्सेल’ या टोपणनावाने, फावल्या वेळात सुमारे पाच वर्षे खपून हा खेळ एकट्याने घडविला. चित्रे, संगीत, कथा व संगणकीय आज्ञावली हे सर्व त्यांचेच आहे. २० डिसेंबर २००४ रोजी तो विनामूल्य प्रसृत झाला. २०१० पासून विकत घेण्याच्या सुधारित आवृत्त्याही निघाल्या. तथापि मूळ खेळ अवघ्या काही मेगाबाइटचा असून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील जुन्या संगणकावरही चालू शकतो.

नायक एका गुहेत जागा होतो. त्याला स्वतःविषयी काहीही आठवत नाही. सशासारखे दिसणारे मिमिगा नावाचे जीव तेथे राहतात आणि ‘डॉक्टर’ म्हणविणारा एक मनुष्य त्यांना पळवून नेऊन शस्त्रासारखे वापरू पाहतो. ज्यांच्या गोजिरवाणेपणाला खेळाडू हसला, तेच जीव लाल फुले खाऊन हिंस्र होतात. काटेकोर अर्थाने हा खेळ ‘मेट्रॉइड’इतका मोकळा नाही, कथा खेळाडूला बऱ्याच अंशी हाताला धरून नेते. परंतु परतीचे तत्त्व येथे कथेतच मुरले आहे. आरंभीच्या गुहेत एक वृद्ध बंदूक-कारागीर झोपलेला असतो. त्याच्या पेटीतील बंदूक नायक न विचारता उचलतो. पुढे तिच्या बदल्यात अधिक वेगवान शस्त्र देऊ केले जाते. तो मोह टाळून, शेवटाकडे पुन्हा त्या गुहेत जाणाऱ्याला कारागीर ती अपुरी बंदूक पूर्ण करून देतो. खेळात कोणीही तसे सुचवीत नाही.

दुसरा प्रसंग अधिक वादग्रस्त आहे. प्राध्यापक बूस्टर हे पात्र एका खड्ड्यात कोसळते. खाली उतरून त्यांच्याशी बोलल्यास ते आपले उड्डाणयंत्र देऊन प्राण सोडतात. खड्डा ओलांडून तसेच पुढे गेल्यास मात्र ते वाचतात आणि पुढे अधिक चांगले यंत्र देतात. म्हणजे मदतीला धावणे हीच चूक ठरते आणि ते कळण्याचा कोणताही मार्ग खेळाडूजवळ नसतो. ही रचना अन्यायकारक आहे. कथेत लेखकाने असे केले तर वाचक दैवाला दोष देतो; येथे खेळाडू स्वतःला दोष देतो. साहित्याच्या अध्यापकांनी चर्चेस घ्यावा असा हा फरक आहे.

भाषेचा प्रश्न :

हा सर्व आशय संवादांतून येतो. चाहत्यांनी इंग्रजी अनुवाद केला म्हणून तो जगभर पोहोचला. संवाद स्वतंत्र फायलींत असल्याने अनुवाद शक्य झाला, हे लक्षणीय आहे. मराठीत आणताना एक निराळीच अडचण उद्भवते. असे खेळ संवाद एकेक अक्षराने उमटवितात. रोमन लिपीस ते सोयीचे आहे. परंतु संगणकात ‘कि’ हे आधी क व नंतर वेलांटी असे दोन संकेत असतात. एकेक संकेत उमटविल्यास आधी ‘क’ दिसतो आणि मग त्याच्या डावीकडे वेलांटी येऊन तो सरकतो. ‘क्ष’ तर तीन टप्प्यांत डळमळत उभा राहतो. उपाय अवघड नाही : संकेतांऐवजी पूर्ण अक्षर हे एकक धरून आज्ञावली लिहावी लागेल. हे काम संगणकशास्त्र विभागाचे.

उरलेले काम मराठी विभागाचे आहे. खेळातील बॅलरॉग हे चौकोनी खोक्यासारखे पात्र भिंत फोडून येते आणि इंग्रजी अनुवादात ‘हुझ्झा’ असे ओरडते. किनवट परिसरात मराठीबरोबर गोरमाटी, गोंडी आणि तेलुगूही कानावर पडतात. तेथील विद्यार्थ्याला त्या क्षणी ‘वाहवा’ पुस्तकी वाटेल, ‘हुर्रे’ उसने वाटेल. वर्गात दहा विद्यार्थ्यांना हा एकच उद्गार अनुवादास दिला, तर दहा निरनिराळी उत्तरे येतील आणि त्यांपैकी काही मराठी शब्दकोशात सापडणार नाहीत.