गाडी दोघांची, बोनस एकाचा

घरात गाडी एक आणि चालवणारे दोन, ही गोष्ट आता भिवंडी-मालेगावपासून चिपळूण-रत्नागिरीपर्यंत सर्रास दिसते. सकाळी नवरा गाडी दुकानावर नेतो, दुपारी त्याच गाडीतून बायको मुलांना शाळेतून आणते. वापर दोघांचा, पण आर. सी. बुकावर आणि विम्याच्या पॉलिसीवर नाव एकाचेच. विम्यात जी सवलत मिळते, जिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात, ती त्या एका नावाची मिळकत असते. ती गाडीची नसते आणि घराचीही नसते. एवढी एक गोष्ट ध्यानात नसल्यामुळे कित्येक जोडपी पाच-सहा वर्षांची कमाई सहज घालवून बसतात. म्हणून हा हिशेब आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

बोनस कशावर व किती?

विम्याच्या हप्त्याचे दोन भाग असतात. पहिला ‘थर्ड पार्टी’चा. तो कायद्याने सक्तीचा असून त्यात बोनस नाही. दुसरा ‘ओन डॅमेज’चा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. बोनस फक्त या दुसऱ्या भागावर मिळतो. एक वर्ष क्लेम केला नाही तर २० टक्के, सलग दोन वर्षे २५, तीन वर्षे ३५, चार वर्षे ४५ आणि पाच वर्षे ५० टक्के. मध्येच एक क्लेम केला की पुढच्या वर्षी हा बोनस शून्यावर येतो.

आपल्याकडे पॉलिसी ज्याच्या नावाची त्यानेच गाडी चालवावी असे बंधन नाही. योग्य लायसन असलेला कोणीही चालवू शकतो. मात्र बायकोच्या हातून गाडी ठोकली आणि क्लेम केला, तर बोनस नवऱ्याचा जातो. उलट तिने दहा वर्षे सांभाळून गाडी चालवली, तरी तिच्या नावावर काही जमा होत नाही.

क्लेम करण्याआधी

समजा, ओन डॅमेजचा पूर्ण हप्ता १०,००० रुपये आहे आणि ५० टक्के बोनसमुळे आपण ५,००० भरतो. सोयीसाठी हप्ता दरवर्षी तेवढाच धरू. क्लेम केल्यावर पुढची पाच वर्षे अनुक्रमे १०,०००, ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० भरावे लागतील. जादा गेले १२,५०० रुपये. शिवाय प्रत्येक क्लेममधून ठरावीक रक्कम कंपनी कापून घेते. १५०० सी. सी. पर्यंतच्या गाडीला ती १,००० रुपये आहे. तेव्हा बंपरच्या पाच-सात हजारांच्या कामासाठी क्लेम करणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. नुकसान मोठे असेल तर मात्र क्लेम जरूर करावा, विमा त्यासाठीच असतो. जादा हप्ता भरून ‘बोनस प्रोटेक्शन’ घेण्याची सोयही काही पॉलिसींत असते. तिच्या अटी वाचूनच ती घ्यावी.

नव्वद दिवसांची मुदत

पॉलिसी संपल्यापासून ९० दिवसांत नवी केली नाही तर बोनस बुडतो. यात एक गोम आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. ओन डॅमेजचा भाग मात्र बहुधा एकाच वर्षाचा असतो. नवरा समजतो तीन वर्षांची काळजी मिटली, बायको समजते नवऱ्याने भरले असेल, आणि मुदत निघून जाते. दोन्ही तारखा वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात आणि भरण्याचे काम कोणाचे तेही ठरवावे.

बायकोच्या नावावर गाडी करताना

नवऱ्याने हयातीत गाडी बायकोच्या नावावर केली, तर बोनस गाडीबरोबर जात नाही. तिचा स्वतःचा बोनस नसेल तर चालू पॉलिसीच्या उरलेल्या मुदतीतील सवलतीचा फरक कंपनी भरून घेते. परंतु नवऱ्याचा बोनस बुडत नाही. त्याने कंपनीकडून बोनसचा दाखला मागून घ्यावा. तीन वर्षांच्या आत तो दुसरी मोटार घेईल तर त्या गाडीला हा बोनस लागू होतो.

यात फायदाही आहे. नव्या गाडीचा ओन डॅमेजचा हप्ता बहुधा जुनीपेक्षा जास्त असतो. घरात दुसरी गाडी येणार असेल तर जुनी बायकोच्या नावावर करावी आणि नवऱ्याचा ५० टक्के बोनस नव्या गाडीकडे वळवावा. बायकोचा बोनस शून्यापासून सुरू होईल, पण तो तिचा स्वतःचा असेल. जुनी नवऱ्याच्याच नावावर राहिली तर बोनस तिच्यावरच राहतो. एक बोनस दोन गाड्यांना लागत नाही.

परदेशी असलेल्यांसाठी

आखातात नोकरीला असलेल्या नवऱ्याच्या नावाची गाडी इथे बायको चालवत असेल, तर पॉलिसी वेळेवर नवी करत राहावे, बोनस त्याच्या नावावर वाढत जातो. गाडी विकलीच तर दाखला घेतल्याशिवाय राहू नये. तसेच परदेशात स्वतःच्या नावावर विमा असेल, तर तिथल्या कंपनीकडून क्लेम न केल्याचे लेखी घेऊन यावे. तिथली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथे विमा घेतल्यास त्या पुराव्यावर बोनस मिळू शकतो.

नवऱ्याच्या निधनानंतर

सर्वांत जास्त नुकसान होते ते इथे, आणि तेही न मागितल्यामुळे. पॉलिसीधारकाचा मृत्यू झाल्यास आणि गाडीचा ताबा व मालकी पती किंवा पत्नी, मुले अथवा आईवडील यांच्याकडे आल्यास मयताचा बोनस त्यांना मिळतो. नियमात तशी तरतूद आहे. मृत्यूनंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर चालू राहते. तेवढ्यात मृत्यूचा दाखला, गाडीच्या हक्काचा पुरावा आणि मूळ पॉलिसी घेऊन कंपनीकडे अर्ज करावा. आर. टी. ओ.ला ३० दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरावा. २०२१ पासून आर. सी.वर नॉमिनीचे नाव नोंदवण्याची सोय झाली आहे. तिथे एकमेकांचे नाव आजच घालून ठेवले तर पुढे खेटे वाचतील.

शेवटी एक इशारा. नवी पॉलिसी घेताना ‘माझा बोनस इतका आहे’ असे आपणच लिहून देत असतो. एजंटाच्या सांगण्यावरून नवऱ्याचा बोनस बायकोच्या पॉलिसीत दाखवू नये. कंपनी आधीच्या कंपनीकडे चौकशी करते, आणि माहिती खोटी निघाली तर ओन डॅमेजचा सगळा लाभ जप्त होऊ शकतो. दोन-चार हजारांच्या सवलतीसाठी दोन-चार लाखांचा क्लेम धोक्यात घालणे हा कुठलाच व्यापार नव्हे. पॉलिसी काढून बघा, नाव कोणाचे, बोनस किती आणि तारीख कोणती, हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक असू द्या.