झंग : मतभेद जुना, रक्तपात नवा

पैगंबरांनंतर नेतृत्व कोणाकडे, हा शिया-सुन्नी मतभेद चौदा शतकांचा. पाकिस्तानी पंजाबातल्या झंगमध्ये मात्र तो विकोपाला गेला १९८०च्या दशकात. त्याची कारणं धर्मग्रंथांपेक्षा त्या काळाच्या राजकारणात अधिक सापडतात.

१९८० मध्ये जनरल झिया उल हक यांच्या लष्करी राजवटीने बँकेतल्या बचतीतून अडीच टक्के जकात (इस्लाममधलं धार्मिक दान) सक्तीने कापायला सुरुवात केली, तीही सुन्नी शरीयतीनुसार. शियांनी इस्लामाबादेत प्रचंड निदर्शनं करून सूट मिळवली. शेजारच्या शियाबहुल इराणात नुकतीच क्रांती झाली होती. इकडे सुन्नी मदरशांकडे सौदी पैसा येत होता.

झंगमधले अनेक बडे जमीनदार शिया. बाजारपेठेतले व्यापारी आणि फाळणीत पूर्व पंजाबातून आलेले निर्वासित बहुतांशी सुन्नी. जमीनदारांच्या वर्चस्वाविरुद्धच्या त्यांच्या रागाला १९८५ मध्ये मौलाना हक नवाज झंगवी यांच्या ‘सिपाह-ए-सहाबा’ने धर्माची भाषा दिली. १९९० मध्ये झंगवींची हत्या झाली. १९९६ मध्ये त्यांच्या नावाने ‘लष्कर-ए-झंगवी’ ही सशस्त्र संघटना निघाली आणि इमामबाड्यांतले शिया भाविक मारले जाऊ लागले.

तरीही श्रद्धेला निव्वळ मुखवटा ठरवणं चूक आहे. सहाबांचा, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांचा, अवमान झाल्याचं दुःख अनेक सामान्य सुन्नींना खरंच होतं, आणि त्याचाच वापर झाला.