मनातील आरसा आणि बाहेरील छाप

एखाद्या कचेरीच्या व्हरांड्यात मुलाखतीसाठी ताटकळत बसलेल्या उमेदवारांकडे क्षणभर लक्ष दिले, तर एक परिचित दृश्य दिसते. कोणी प्रमाणपत्रांची चळत पुन्हा पुन्हा नीट लावीत असतो, कोणी खिडकीच्या काचेत आपले प्रतिबिंब न्याहाळीत असतो, तर कोणी पाठ केलेले उत्तर ओठांतल्या ओठांत घोळवीत असतो. थोड्याच वेळात आतून हाक येणार असते आणि अनेक वर्षांच्या अभ्यासाचे मोल काही मिनिटांत ठरावयाचे असते. उमेदवार आत जातो तो केवळ आपले ज्ञान घेऊन जात नाही. स्वतःविषयीची एक समजूत, एक भीती आणि दुसऱ्याच्या नजरेत आपण कसे दिसतो याचे मनाशी काढलेले एक चित्रही तो बरोबर नेतो. समोरच्यावर जी छाप पडते, ती पुष्कळदा या चित्रातूनच घडते.

इंग्रजीतील ‘पर्सन’ हा शब्द लॅटिन भाषेतील ‘पर्सोना’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ नटाचा मुखवटा असा आहे. आपल्याकडील ‘व्यक्ती’ या शब्दाचा धात्वर्थ याच्या जवळजवळ उलट आहे. जे आत आहे त्याचे प्रकट होणे, म्हणजे व्यक्ती. मनुष्याचे व्यावसायिक रूप हे मुखवट्यासारखे वरून चढविता येते, की ते आतून प्रकट होते, हा प्रश्न मानसशास्त्राने प्रयोगाच्या कसोटीस लावून पाहिला आहे. त्याचे उत्तर दोन्ही सोप्या समजुतींना धक्का देणारे आहे.

देहाची बोली

मनातील भीती देहावर उमटते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. परीक्षकांसमोर जाण्याची वेळ आली की मज्जासंस्थेचा एक भाग शरीराला संकटासाठी सज्ज करू लागतो. वृक्कांच्या शिरोभागी असलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अ‍ॅड्रिनॅलिन हे संप्रेरक रक्तात मिसळते. हृदयाचे ठोके वाढतात, तळहातांना घाम सुटतो, लाळ आटते आणि घशाला कोरड पडते. स्वरयंत्राचे स्नायू ताणले गेल्यामुळे आवाज नेहमीपेक्षा चढा लागतो. वाघासमोर उभ्या असलेल्या मनुष्याला उपयोगी पडणारी ही तयारी टेबलासमोर बसलेल्या मनुष्याला मात्र अडचणीची वाटते.

तथापि ही लक्षणे ज्याला होतात त्याला ती जेवढी ढळढळीत वाटतात, तेवढी ती पाहणाऱ्याला दिसत नाहीत. स्वतःच्या छातीतील धडधड मनुष्य आतून ऐकत असतो. समोरच्याला ती ऐकू येत नाही. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत भाषण करणाऱ्या विद्यार्थ्यांना आपली अस्वस्थता श्रोत्यांना स्पष्ट कळली असे वाटत होते. श्रोत्यांना ती त्या मानाने कमी जाणवली होती. पुढे काही वक्त्यांना भाषणापूर्वीच ही वस्तुस्थिती समजावून सांगण्यात आली. तेव्हा त्यांची भाषणे इतरांच्या भाषणांहून सरस झाली असा निर्वाळा श्रोत्यांनी दिला. भीती नाहीशी करावी लागली नाही. ती सर्वांस दिसत आहे हा भ्रम तेवढा दूर करावा लागला.

नसलेला व्रण

या भ्रमाचे मूळ किती खोल असते, हे रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगातून दिसून आले. प्रयोगात सहभागी झालेल्या काही व्यक्तींच्या चेहऱ्यावर नाटकातील रंगभूषेच्या साहाय्याने एक ठसठशीत व्रण रंगविण्यात आला आणि तो त्यांना आरशात दाखविण्यात आला. त्यानंतर रंग टिकावा म्हणून वरून मलम लावतो असे सांगून प्रयोगकर्त्याने तो व्रण त्यांच्या नकळत पुसून टाकला. चेहरा पूर्ववत झाला होता. व्रण उरला होता तो केवळ मनात. अशा स्थितीत त्यांनी एका अनोळखी व्यक्तीशी संभाषण केले. नंतर विचारले असता, समोरची व्यक्ती अवघडून वागत होती, आपल्या व्रणाचा तिच्यावर परिणाम झाला होता, असे त्यांनी सांगितले. जो व्रण नव्हताच, त्याची प्रतिक्रिया त्यांनी दुसऱ्याच्या डोळ्यांत वाचली होती.

असा अदृश्य व्रण घेऊन मुलाखतीच्या दालनात जाणारे उमेदवार भारतात थोडे नाहीत. घराण्यात प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेला तरुण, खेड्यातील शाळेत मातृभाषेतून शिकलेली तरुणी, इंग्रजी बोलताना अडखळणारा हुशार तंत्रज्ञ, यांना आपल्या बोलण्यातील हेल अथवा अंगावरील साधे कपडे हीच आपली मुख्य ओळख वाटू लागते. परीक्षकाने सहज घड्याळाकडे पाहिले तरी त्याचा अर्थ ते त्या व्रणाशी लावतात. काही वेळा पूर्वग्रह खराच असतो, हे नाकारता येणार नाही. पण खरा कोणता आणि कल्पिलेला कोणता, याची निवड भयभीत मनाला करता येत नाही.

गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. एका विद्यार्थ्याला ज्याची लाज वाटेल अशा गायकाचे चित्र असलेला सदरा घालून त्याला इतर विद्यार्थी बसले होते त्या खोलीत पाठविण्यात आले. खोलीतील सुमारे निम्म्या जणांनी आपला सदरा टिपला असेल असा अशा विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश जणांच्याच तो लक्षात आला होता. प्रत्येक मनुष्य स्वतःच्या कथेचा नायक असतो. इतरांच्या कथेत तो ओझरता येऊन जातो.

लक्ष कोठे आहे?

या सर्व प्रयोगांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ती म्हणजे लक्षाची दिशा. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली सामाजिक भीतीची जी उपपत्ती मांडली, तिचे सार असे: भित्र्या मनुष्याचे लक्ष बाहेरील व्यक्तीवरून उचलले जाऊन स्वतःवर खिळते. आपला आवाज कसा लागतो, हात कोठे ठेवावे, चेहरा लाल तर झाला नाही ना, याच विचारात तो गुंततो. आतील संवेदनांवरून तो आपले बाह्य चित्र रंगवितो आणि तेच खरे मानतो. मनाची अवधान-शक्ती मर्यादित असल्यामुळे प्रश्न अर्धवट ऐकला जातो, उत्तर तुटक येते, नजर जमिनीकडे वळते. समोरच्याला त्यात भीती दिसेलच असे नाही. त्याला बेपर्वाई अथवा तुसडेपणाही दिसू शकतो. जी छाप पडू नये म्हणून एवढा आटापिटा, तीच अशा रीतीने पडते.

यश मिळाल्याने हा आरसा आपोआप फुटतो असेही नाही. पॉलिन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स यांनी १९७८ साली दीडशेहून अधिक कर्तबगार स्त्रियांच्या अनुभवांवर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला. पदव्या आणि मानसन्मान मिळवूनही या स्त्रियांना आपण प्रत्यक्षात तेवढ्या योग्य नाही, आपले पितळ एक दिवस उघडे पडेल, असे वाटत असे. हा अनुभव केवळ स्त्रियांपुरता मर्यादित नाही, हे पुढील संशोधनात दिसून आले.

पवित्रा आणि प्रत्यय

यावर उपाय म्हणून बाहेरून आत जाण्याचा मार्ग काहींनी सुचविला. २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात असे म्हटले होते की, छाती पुढे काढून ऐसपैस उभे राहिले असता अवघ्या दोन मिनिटांत संप्रेरकांचे प्रमाण बदलते आणि मनुष्य अधिक धाडसी होतो. ही कल्पना जगभर लोकप्रिय झाली. परंतु तो प्रयोग ४२ व्यक्तींवरच झाला होता. २०१५ साली झुरिच येथील संशोधकांनी २०० व्यक्तींवर तो नव्याने केला, तेव्हा आपण बलवान आहोत असे त्या व्यक्तींना वाटले खरे. पण संप्रेरके बदलली नाहीत आणि धाडसही वाढले नाही. मूळ निबंधाच्या प्रमुख लेखिका डाना कार्नी यांनी २०१६ साली, त्या परिणामावर आपला आता विश्वास उरला नाही, असे जाहीरपणे सांगितले. विज्ञानातील प्रामाणिकपणाचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पवित्रा घेण्यापेक्षा अर्थ बदलणे अधिक उपयोगी पडते, असे दिसते. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांच्या २०१४ सालच्या प्रयोगांत भाषणापूर्वी ‘मी शांत आहे’ असे म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला हुरूप आला आहे’ असे म्हणणाऱ्यांची भाषणे अधिक प्रभावी ठरली. धडधडणारे हृदय एकदम शांत करणे अवघड असते. परंतु तीच धडधड उत्साहाची आहे असे मानणे तुलनेने सोपे असते. त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे लक्ष स्वतःवरून काढून कामावर लावणे. उत्तम शिक्षक वर्गात आपण कसे दिसतो याचा विचार करीत नाही. मागच्या बाकावरील मुलाला गणित समजले की नाही, याचा करतो. रोग्याची नाडी पाहणारा वैद्य रोग्याकडे पाहत असतो. लोक ज्याला भारदस्तपणा म्हणतात, तो बहुधा अशा एकाग्रतेचीच बाहेर पडलेली सावली असते.

टेबलाची दुसरी बाजू

येथवर विचार झाला तो दिसणाऱ्याचा. पण छाप पडावयास पाहणाराही लागतो, आणि पाहणाऱ्याचे मन निर्दोष नसते. एडवर्ड थॉर्नडाइक यांना १९२० साली आढळून आले की, वरिष्ठ सैनिकी अधिकारी हाताखालच्यांच्या बुद्धीला, शरीरयष्टीला, नेतृत्वाला आणि शीलाला जे गुण देत, ते एकमेकांशी वाजवीपेक्षा फार जुळत. एक गुण नजरेत भरला की त्याची प्रभा इतर सर्व गुणांवर पसरे.

१९७४ साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील एक प्रयोग याहून गंभीर आहे. गौरवर्णीय मुलाखतकार कृष्णवर्णीय उमेदवारांपासून अधिक दूर बसत, बोलताना अधिक चुकत आणि मुलाखत लवकर आटोपती घेत, असे त्यात दिसले. त्यानंतर प्रशिक्षित मुलाखतकारांनी गौरवर्णीय उमेदवारांनाच मुद्दाम तशी दुराव्याची वागणूक दिली. तेव्हा तेही गोंधळले आणि त्यांची कामगिरी खालावली. उमेदवाराचा जो कमकुवतपणा परीक्षक वहीत टिपतो, तो कित्येकदा परीक्षकाच्याच वागण्याने उत्पन्न झालेला असतो.

मनसा, वाचा, कर्मणा

केवळ प्रथमदर्शनी पडणाऱ्या छापेवर विसंबू नये, हा धडा युद्धाने शिकविला. अल्प मुलाखतीवरून अधिकारी निवडण्याची पद्धत अपुरी ठरल्याने ब्रिटिश सैन्याने १९४२ साली एडिंबरो येथे मानसशास्त्रज्ञांच्या साहाय्याने नवीन निवड मंडळ प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. उमेदवारांच्या गटाला नेता न नेमता काम सोपवून त्यांचे वर्तन पाहण्याची विल्फ्रेड बायन यांची कल्पना तेथेच आकारास आली. भारतात अशा स्वरूपाचे पहिले मंडळ १९४३ साली देहरादून येथे स्थापन झाले. आजही सैन्यदलांच्या निवड मंडळांत उमेदवाराची अनेक दिवस पारख होते. मानसशास्त्रज्ञ, मुलाखत घेणारा अधिकारी आणि गटकार्यांचा अधिकारी हे तिघे स्वतंत्रपणे मत बनवितात आणि अखेरीस एकत्र येतात. मनसा, वाचा, कर्मणा या जुन्या वचनाशी या पद्धतीची सांगड घातली जाते, ती यथार्थ आहे.

तथापि एवढ्यानेही भ्रम टळतोच असे नाही. डॅनियल कानेमान हे तरुणपणी, १९५० च्या दशकात, इस्रायलच्या सैन्यात असताना याच नेताहीन गटकसोटीवरून अधिकारीपदाच्या उमेदवारांविषयी अंदाज बांधीत. प्रशिक्षणकेंद्राकडून प्रत्यक्ष कामगिरीची माहिती येई, तेव्हा ते अंदाज जवळजवळ निरुपयोगी ठरत; तरीही पुढच्या तुकडीविषयी परीक्षकांचा आत्मविश्वास तिळमात्र ढळत नसे. पुढे भरतीच्या मुलाखतींसाठी त्यांनी नवी रीत घालून दिली: सहा गुण आधीच निश्चित करावेत, प्रत्येकाविषयी ठरावीक प्रश्न विचारावेत, एकाचे गुण दिल्यावाचून पुढच्याकडे वळू नये. या साध्या शिस्तीने निवड सुधारली. नियमबद्ध मुलाखत मोकळ्या गप्पांहून अधिक भरवशाची असते, याला नंतरच्या संशोधनानेही पुष्टी दिली आहे.

भारतातही या दिशेने काही पावले पडली आहेत. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून ‘क’ गटातील आणि ‘ब’ गटातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखती बंद केल्या. नागरी सेवा परीक्षेत मात्र व्यक्तिमत्त्व चाचणी कायम असून २०२५ गुणांपैकी २७५ गुण तिच्यासाठी आहेत. ती भारतीय भाषांतून देण्याची सोयही आहे. मातृभाषेत बोलणाऱ्याला शब्द शोधीत बसावे लागत नाही. त्याचे लक्ष विषयाकडे राहू शकते. अनेकांच्या बाबतीत नसलेला व्रण पुसण्याचा हाही एक मार्ग आहे.

तेव्हा व्यक्तिमत्त्व हे केवळ मुखवटा नव्हे आणि अंतःकरणाचे हुबेहूब प्रतिबिंबही नव्हे. ते दोन मनांच्या मध्ये घडते. उमेदवाराने मनातील आरसा खाली ठेवून समोरच्या प्रश्नाकडे पाहावे. परीक्षकाने पहिल्या छापेला निकाल मानू नये. व्हरांड्यात बसलेल्या त्या तरुणाचे वा तरुणीचे भवितव्य जसे त्यांच्या स्वतःच्या मनावर, तसेच दाराआडच्या मनांच्या शिस्तीवरही अवलंबून असते. या दोहोंपैकी दुसरीची जबाबदारी समाजाची आहे.